नकाराचेही एक पत्र

'उमेदवार' हा शब्द मराठीत फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. ती बाळगणारा तो उमेदवार. पुढेमागे जागा मिळेल या भरवशावर कचेरीत बिनपगारी राबत राहण्यालाही पूर्वी उमेदवारीच म्हणत. 'मुलाखत' हा शब्दही असाच बाहेरून आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ नुसती भेट एवढाच आहे. भेट म्हटली की दोन पक्ष आले, आणि दोन पक्ष आले की दोहोंकडे काही कर्तव्ये आली. आजच्या नोकरीच्या बाजारात मात्र त्यांपैकी एकाच पक्षाला आपली कर्तव्ये पुरी करावी लागतात, असे खेदाने म्हणणे प्राप्त आहे.

बेळगाव, इंदूर किंवा बडोदे येथील एखादा तरुण पुण्यातील अथवा हैदराबादेतील कंपनीकडे अर्ज करतो, तेव्हा काय घडते ते पाहावे. प्रथम संगणकावर लेखी चाचणी होते. मग दूरध्वनीवर प्राथमिक चौकशी. त्यानंतर 'नमुन्यादाखल' म्हणून घरी करण्याचे काम दिले जाते. त्यात दोन रात्री जातात. पुढे तांत्रिक मुलाखत, मग विभागप्रमुखांची, मग मनुष्यबळ विभागाची. एखाद्या फेरीसाठी रात्रीच्या बसने जाऊन दुसऱ्या रात्री परतावे लागते. हातातल्या नोकरीत त्यासाठी खोटे कारण सांगून रजा काढावी लागते. शेवटी गेल्या तीन महिन्यांची वेतनपत्रके मागवून घेतात, कधी रुजू होता येईल तेही विचारतात. घरात आई देवापुढे साखर ठेवते. 'आठवड्याभरात कळवू' असे शब्द कानी पडतात, आणि त्यानंतर काहीच कानी पडत नाही. पत्र नाही, दूरध्वनी नाही. विचारणा केली तर तिलाही उत्तर नाही.

नकार दुःखद असतो, परंतु तो मनुष्याला मोकळा करतो. मौन मोकळे करीत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या दगडाखाली साप आहे की नाही, हे ४५ स्वयंसेवकांना ओळखावयाचे होते; साप निघाला की हाताला विजेचा झटका बसे. घामावरून आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून त्यांच्या मनावरील ताण मोजला, तेव्हा असे दिसले की झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जितका ताण असतो, त्याहून अधिक ताण तो बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना येतो. निकालाची वाट पाहणाऱ्या उमेदवाराची अवस्था नेमकी हीच होय. तो दुसरीकडे मनापासून अर्ज करीत नाही, आलेली दुसरी संधी लांबवतो, आणि अखेरीस आपल्यातच काही उणे असले पाहिजे, असा निष्कर्ष काढतो. हा शेवटचा परिणाम सर्वांत घातक, कारण तो बहुधा खोटा असतो.

मौनाची खरी कारणे उमेदवाराच्या गुणदोषांशी पुष्कळदा संबंधित नसतातच. कधी जागाच रद्द होते, कधी खर्चाची मंजुरी थांबते. कधी पहिल्या पसंतीच्या व्यक्तीला होकार गेलेला असतो, आणि तिचा आधीच्या कंपनीतील दोन-तीन महिन्यांचा सूचनाकाल संपून ती प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत दुसऱ्या पसंतीला हाताशी ठेवावयाचे असते. कधी नकार सांगण्याचे अवघडपण अधिकारी एकमेकांवर ढकलतात आणि ते काम कोणाचेच राहत नाही. मालकपक्षाचीही एक तक्रार आहे आणि ती खोटी नाही: नेमणूकपत्र स्वीकारून ऐन दिवशी न फिरकणारे उमेदवारही आज कमी नाहीत. तथापि एकाच्या असभ्यपणाने दुसऱ्याचा असभ्यपणा समर्थनीय ठरत नाही.

मराठी समाजाला ही अडचण अपरिचित नाही. मुलगी पाहून गेल्यावर 'कळवतो' म्हणण्याची रीत घरोघरी ठाऊक आहे. नकार द्यावयाचा झाला, तर 'पत्रिका जमत नाही' असा निरोप जाई. पत्रिका कितपत पाहिली होती हे दोन्ही घरे ओळखून असत. परंतु त्या निरोपाने कोणाचा मान जात नसे, आणि मुलीच्या वडिलांना दुसरे स्थळ पाहण्यास वाट मोकळी होई. अधिक चांगले स्थळ येईपर्यंत हाताशी असलेले लोंबकळत ठेवणाऱ्या घराचे नाव मात्र सोयरेधायऱ्यांत खराब होई. ज्याला घरगुती व्यवहारात आपण लबाडी म्हणतो, त्याला कचेरीच्या व्यवहारात पद्धत का म्हणावे?

कायद्याचे या बाबतीत काय म्हणणे आहे? शंकरसन दाश विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असे ठरवले की, निवडयादीत नाव आले एवढ्याने नेमणुकीचा अबाधित हक्क उत्पन्न होत नाही. मात्र शासनाला मनमानीही करता येत नाही. सरकारी भरतीतील उमेदवाराला २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून साधारणतः ३० दिवसांत उत्तर मागता येते. खाजगी कंपनीच्या दारात असे कोणतेही साधन त्याच्या हाती नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने मात्र एक पाऊल पुढे टाकले आहे. तेथे १ जानेवारी २०२६ पासून, २५ किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाने जाहिरात दिलेल्या जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली, त्याला शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत निवडीचा निर्णय झाला की नाही हे कळवणे बंधनकारक आहे. नोकरी देण्याची सक्ती त्यात नाही. सक्ती आहे ती उत्तर देण्याची. हा भेद महत्त्वाचा आहे. नोकरीवर उमेदवाराचा हक्क नसेल. पण ज्याचा वेळ, श्रम आणि प्रवासखर्च घेतला, त्याला दोन ओळींचे उत्तर देणे हे ऋण आहे.

तोवर उमेदवाराने आपल्यापुरती काही पथ्ये पाळणे हिताचे. मुलाखत संपताना निर्णय केव्हापर्यंत आणि कोण कळवणार, हे स्पष्ट विचारून घ्यावे. त्यात संकोच करण्याचे कारण नाही. सांगितलेली मुदत उलटल्यावर एक सभ्य पत्र आणि आठवड्याने दुसरे पत्र पाठवावे. तिसरे पाठवू नये. त्या मुदतीनंतर ते प्रकरण आपल्याकडून मिटले असे समजावे. नेमणूकपत्र लेखी हाती येईपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये आणि इतर अर्ज थांबवू नयेत. नमुन्याचे काम काही तासांपलीकडे जात असेल, तर त्याचा मोबदला विचारण्यास हरकत नसावी. आणि घरच्यांनी रोज सायंकाळी 'काही कळले का?' असे विचारणे टाळले, तर तेही मोठे साहाय्य होईल.

आणि जे आज टेबलाच्या पलीकडच्या बाजूस बसतात, त्यांनी एवढेच आठवावे की, त्यांपैकी बहुतेकजण एकदा अलीकडच्या खुर्चीवर बसलेले होते. आता तर पत्राला टपालहशीलही लागत नाही. 'या वेळी आपली निवड होऊ शकली नाही. आपण दिलेल्या वेळाबद्दल आभार' एवढे लिहिण्यास एक मिनिट पुरते. ते वाचून कोणाच्या तरी घरी त्या रात्री वाईट वाटेल हे खरे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी तो तरुण नवा अर्ज लिहावयास बसू शकेल.