कावीळ कशाची, हे आधी ठरवू या



 स्त्रीरोगतज्ज्ञ, यकृततज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि ग्रामीण रुग्णालयांतले वैद्यकीय अधिकारी आज पुण्यात या परिषदेसाठी एकत्र बसले आहेत. गरोदरपणातल्या यकृतविकारांचे निदान या सर्वांनी मिळूनच करायचे आहे.

'गरोदर, कावीळ' एवढेच लिहून आपण बाईला पुढे पाठवतो. पण तिची कावीळ कशाची आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. सातव्या-आठव्या महिन्यात एखादी रात्रभर तळहात-तळपाय खाजवत बसते. अंगावर पुरळ नसते, म्हणून घरचे म्हणतात, उष्णता झाली. तिच्या रक्तातली पित्ताम्ले तपासायला हवीत. ती लिटरला १०० मायक्रोमोलच्या पुढे गेली, तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. दुसरीला उलट्या होतात, पोटात वरच्या बाजूला दुखते आणि ॲसिडिटीची गोळी मिळते. तिचा रक्तदाब, प्लेटलेट, साखर आणि रक्त गोठण्याची तपासणी तातडीने केली, तर हेल्प सिंड्रोम किंवा यकृतात अचानक चरबी साठण्याचा आजार वेळीच हाती लागतो. या दोन्ही आजारांत आईला सावरून लवकर बाळंतपण करावे लागते. तिसरीला दूषित पाण्यातून हेपेटायटिस ई झालेला असतो. शेवटच्या तिमाहीत त्यात २० ते २५ टक्के माता दगावू शकतात, आणि नुसते बाळंतपण उरकून तो आजार आटोक्यात येत नाही. या विषाणूवर दीर्घकाळ संशोधन करणारी राष्ट्रीय विषाणू संस्था याच शहरात आहे.

रिपोर्ट वाचतानाही भान हवे. अल्कलाइन फॉस्फेटेज वारेतूनही येते, त्यामुळे शेवटच्या महिन्यांत ते वाढलेले दिसतेच. एसजीपीटी आणि बिलिरुबिनचे मात्र तसे नाही. ती वाढली, तर 'गरोदरपणात चालायचेच' म्हणून सोडून देऊ नये. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसही डोळ्यांसमोर असू द्यावेत.

माझी परिषदेकडे एकच मागणी आहे. कोणत्या महिन्यात कोणते लक्षण दिसले, तर आधी कोणती तपासणी करायची आणि केव्हा पुढे पाठवायचे, हे सांगणारे एक पान इथे तयार व्हावे. ते तालुक्याच्या प्रसूतिकक्षात भिंतीवर लागावे आणि रात्रपाळीच्या सिस्टरलाही वाचता यावे.