‘शाकुंतला’नंतर काय?



दिवाळी आटोपली, धान कापून खळ्यावर आले, की आमच्या आंबागडच्या आसमंतात मंडयांचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, लेकीजावयांची वर्दळ, आणि रात्री दंडार नाहीतर खडी गंमत. या मंडयांत एक गोष्ट मी पुष्कळदा पाहिली आहे, आपणही पाहिली असेल. एखाद्या गावची नवी मंडळी पहिल्याच वर्षी असा रंग भरते की पहाटेपर्यंत माणूस जागचा हालत नाही. चार गावांची सुपारी तिथल्या तिथे ठरते. पुढच्या वर्षी तीच मंडळी, तीच ढोलकी, तीच पेटी, पण तासाभरात अर्धे लोक उठून चहाच्या टपरीकडे वळलेले. लोक म्हणतात, ‘‘यंदा मागच्यासारखं नाही जमलं.’’ मंडळी म्हणते, ‘‘मागच्या साली जे केलं, तेच तं केलं!’’ मला वाटते, दोघेही खरेच बोलतात. आज या दुसऱ्या वर्षाविषयीच आपल्याशी बोलायचे आहे.

हा अनुभव एकट्या झाडीपट्टीचा नाही. शहरातली तरुण मुले हल्ली ‘बँड’ काढतात. बँड म्हटला की आपल्यासमोर वरातीपुढचा बँड उभा राहतो. हा तो नव्हे. चार-पाच जण असतात, दोघा-तिघांच्या हाती विजेवर वाजणाऱ्या गिटारी, एकापुढे ढोलांचा संच. गाणी स्वतः रचायची, चाली स्वतः लावायच्या आणि स्वतःच गायच्या, असा हा रॉक बँड. त्यांतले जे बडया कंपनीच्या आश्रयाला न जाता आपल्या हिमतीवर, किंवा एखाद्या लहानशा कंपनीच्या मदतीने तबकडी काढतात, त्यांच्या गाण्याला ‘इंडी’ म्हणतात. ‘इंडिया’शी या शब्दाचा काही संबंध नाही. ‘इंडिपेंडंट’, म्हणजे स्वतंत्र, या शब्दाचे ते लाडके नाव आहे. अशा दहा-बारा गाण्यांचा जो एक संच निघतो तो अल्बम. या मंडळींना पहिल्या अल्बमाची भीती वाटत नाही, दुसऱ्याची वाटते. कारण साधे आहे. पहिल्या अल्बमातली गाणी वयाच्या पंधराव्या वर्षापासून वहीत साठलेली असतात. शंभरांतून दहा निवडलेली असतात. ती गाजली की वही रिकामी, आणि लोक तर दारात उभे. वर्ष-दोन वर्षांत पुन्हा दहा द्या म्हणतात, आणि तीही त्या दहांसारखीच, पण नवी!

इंग्लंडात मँचेस्टर नावाचे गिरण्यांचे शहर आहे. तेथे ‘द स्टोन रोझेस’ नावाचा चौघांचा बँड होता. त्यांचा पहिला अल्बम १९८९ साली एका लहान कंपनीने काढला आणि हळूहळू तो अतिशय गाजला. मग सुरू झाली कंपनीशी कोर्टकचेरी. ती जिंकून हे मोठया अमेरिकन कंपनीकडे गेले, आणि दुसरा अल्बम निघाला तो १९९४ च्या डिसेंबरात. मध्ये पाच वर्षे गेली! तोवर गाण्याचा वळसाच बदललेला. पहिल्या गाण्यांतला हलका, नाचरा ठेका जाऊन गिटारीचा जड घोष पुढे आला. अल्बम वाईट होता असे मी म्हणणार नाही, पण पाच वर्षे वाट पाहणाऱ्याला त्यात आपली ओळखीची माणसे सापडेनात. पुढच्या वर्षी ढोलवाला गेला, त्यापुढच्या वर्षी गिटारवाला गेला, आणि १९९६ साली बँड मोडला.

आपल्या मुंबईतही ‘रॉक मशीन’ नावाचा बँड १९८४ च्या सुमारास उभा राहिला. उदय बेनेगल गात, महेश टिनईकर गिटार वाजवीत. त्या काळी आपले बँड परदेशी गाण्यांची नक्कल करण्यातच धन्यता मानीत. यांनी इंग्रजीत का होईना, पण स्वतःची गाणी लोकांपुढे आणली. पहिला अल्बम १९८८ चा, दुसरा १९९० चा. गंमत अशी की या दुसऱ्या अल्बमाचे नाव होते ‘द सेकंड कमिंग’, आणि चार वर्षांनी मँचेस्टरच्या मंडळींनीही आपल्या दुसऱ्या अल्बमाला जवळजवळ हेच नाव दिले. दुसरे येणे किती मनात घर करून बसते पाहा! मुंबईच्या मंडळींनी १९९३ साली नावही बदलून ‘इंडस क्रीड’ केले आणि आपल्याकडील वाद्यांचे स्वर त्यात मिसळायला सुरुवात केली.

पण मँचेस्टर दूर, मुंबईही काही जवळ नाही. या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर माझ्या मते आपल्याच भाषेत, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, एका नाटक मंडळीने देऊन ठेवले आहे. ती मंडळी अण्णासाहेब किर्लोस्करांची. एका अर्थी तीही स्वतंत्रच. पोट तिकिटांवर, आणि तिकिटे लोकांच्या मर्जीवर.

गुरुजी मंडळींना आवडेल म्हणून सांगतो, हे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर काही काळ बेळगावास शिक्षक होते. जन्म १८४३ सालचा. त्याच साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ करून मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवली. भाव्यांच्या नाटकात गायचा तो सूत्रधार. राम रडला काय नि रावण चिडला काय, त्यांच्या वतीने पद्य म्हणायचे सूत्रधाराने, आणि पात्रांनी आयत्या वेळी सुचेल ते बोलायचे. पुढे १८८० साली अण्णासाहेबांनी पुण्यात पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहिले, असे सांगतात, आणि आपल्या भाषेत असे गाते नाटक का होऊ नये, हे त्यांच्या मनाने घेतले. कालिदासाचे ‘शाकुंतल’ त्यांनी मराठीत आणले आणि जो भाव ज्याचा, त्याचे गाणे त्याच्याच तोंडी घातले. शकुंतलेचे दुःख शकुंतलेने गायचे. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात, आनंदोद्भव नाटकगृहात, या ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला आणि पुणे वेडे झाले.

आता प्रश्न असा की ‘शाकुंतला’नंतर काय?

सोपी वाट समोर होती. संस्कृतात नाटकांना तोटा नव्हता. ‘मृच्छकटिक’ होते, कालिदासाचेच ‘विक्रमोर्वशीय’ होते. त्यांतले एक उचलायचे, पदे घालायची, पुन्हा कालिदासाच्या नावाने विद्वान येतील आणि गाण्यासाठी बाकीचे येतील. मागच्या साली जे केले, तेच! अण्णासाहेबांनी ते केले नाही. त्यांनी ‘सौभद्र’ स्वतः रचले.

यातला धोका ध्यानात घ्या. ‘शाकुंतल’ पडले असते तरी लोक म्हणाले असते, कालिदास थोर, भाषांतर जमले नाही. ‘सौभद्र’ पडले असते तर दोष झाकायला पुढे कालिदास नव्हता. गोष्ट महाभारतातली, सुभद्राहरणाची. म्हणजे तीही सर्वांना ठाऊक. शेवटी अर्जुनाला सुभद्रा मिळणार, हे तिकीट काढतानाच माहीत. मग लोकांनी बसायचे कशासाठी? अण्णासाहेबांनी काय केले तर त्या राजवाडयात एक साधे घर मांडले. थोरल्या भावाने, बलरामाने, बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे. बहिणीचे मन दुसरीकडे. धाकटा भाऊ थोरल्यापुढे मान हलवतो आणि पाठीमागे आपली सूत्रे हलवतो. अर्जुन संन्याशाची भगवी वस्त्रे लेवून मेहुण्याच्याच घरी पाहुणचार झोडतो. घटोत्कच सुभद्रेला उचलून रानात आणतो. द्वारका म्हणा, पण लग्न ठरवण्यावरून घरात चालणारी ही ओढाताण १८८२ सालच्या पुण्याला परकी नव्हती. आज आपल्या तुमसर तालुक्यालाही ती परकी नाही.

म्हणजे त्यांनी ‘शाकुंतला’तले काय ठेवले आणि काय सोडले, पाहा. पात्राने स्वतः गायचे, ही गोष्ट ठेवली. लोक खरोखर तिच्यासाठी येत होते. ऋषींचा आश्रम, शाप, हरवलेली अंगठी, कालिदासाचा मोठा आधार, हे सारे सोडले. माझा तर्क असा की, पहिल्या यशात कौतुक कशाचे होते आणि आवड कशाची होती, हा भेद त्या माणसाला नेमका कळला होता. कौतुक कालिदासाचे झाले असेल, पण घरी जाताना माणसे गुणगुणत होती ती पदे. भाषांतरात पद कोठे येणार, ते मूळ श्लोक ठरवतो. ‘सौभद्रा’त त्यांना मोकळीक होती. जेथे मन भरून येईल तेथे पद. चालीही त्यांनी घरच्या घेतल्या. कीर्तनातली साकी, दिंडी होती, लावणीचा बाज होता, बायकांच्या गाण्यांचे वळण होते आणि कर्नाटकाकडून आलेल्या चाली होत्या. ज्याने रागदारी ऐकली नाही त्यालाही दुसऱ्या दिवशी म्हणता येईल, असे ते गाणे. (उगीच नाही आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक मोटेवर नाटकातली पदे म्हणत!)

आणखी एक गोष्ट घडली, तिचे महत्त्व थोडे नाही. १८८२ सालीच बडोद्याकडून भाऊराव कोल्हटकर नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा मंडळीत आला. त्याचा आवाज असा की लोक त्याला पुढे ‘भावडया’ म्हणूनच डोक्यावर घेऊ लागले. त्याने शकुंतला केली आणि मग सुभद्रा. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे जुने कसलेले गवई मंडळीत होतेच. जुन्यांना न हाकलता एक नवा गळा आणला आणि त्याच्या गळ्याला शोभेल असे काम त्याला दिले. पाहा बरे, आपल्या दंडारीत दुसऱ्या वर्षी नवा पोरगा उभा करायचा म्हटले की किती रुसवेफुगवे होतात!

‘सौभद्र’ एकदम पुरतेपणी रंगभूमीवर आले नाही. १८८२ च्या नोव्हेंबरात पुण्यात पहिल्या तीन अंकांचाच प्रयोग झाला. पाचही अंकांचे नाटक दुसऱ्या वर्षी, १८८३ साली, उभे राहिले. ‘शाकुंतला’च्या वेळीही आधी चारच अंक केले होते. मँचेस्टरच्या मंडळींना दुसऱ्या अल्बमापर्यंत पाच वर्षे लागली, यांना दोनच. तीही ‘शाकुंतला’वर पोट भरीत, गावोगाव प्रयोग करीत, लोक कोठे हसतात आणि कोठे खोकतात हे रोज रात्री पाहात काढलेली. मला हा फरक वर्षांच्या संख्येपेक्षा मोठा वाटतो. बंद खोलीत ऐकणारा नसतो.

आणि निकाल? ‘शाकुंतला’चे नाव आज आपण आदराने घेतो, पण प्रयोग ‘सौभद्रा’चे होतात. विद्वानांचे पहिले, लोकांचे दुसरे, असे मी म्हटले तर नाटयशास्त्राचे प्राध्यापक रागावतील. रागावोत. तिसरे नाटक ‘रामराज्यवियोग’ १८८४ साली आले, तेही आधी तीन अंक. पण या वेळी पुढचे अंक लिहायला अण्णासाहेब राहिले नाहीत. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. मंडळी मात्र चालत राहिली. १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, याच मंडळीत आले. अण्णासाहेबांच्या तालमीत वाढलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली ‘शारदा’ लिहिले. तेथे पुराणही सुटले आणि प्रत्यक्ष गावातली जरठ-बाला विवाहाची गोष्ट रंगभूमीवर आली.

आता आमच्या इकडच्या मंडळींसाठी आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाची काळजी डोक्यावर असणाऱ्या गुरुजींसाठी एक कामाची सूचना करतो. गेल्या वर्षीच्या खेळात लोकांना काय आवडले, हे नटांना विचारू नका. नटाला स्वतःचीच भूमिका आवडलेली असते. ज्या बाईने शेवटच्या रांगेत कडेवर मूल घेऊन खेळ पाहिला, तिला विचारा. तिला एखादे गाणे आठवेल, एखादे सोंग आठवेल, सासूसुनेचा एखादा सवाल-जवाब आठवेल. तेवढे ठेवा आणि बाकीचे नवे लिहा. सिनेमातल्या गाण्याची पट्टी लावून नाचणे हे लिहिण्यापेक्षा सोपे आहे, मला ठाऊक आहे, पण ते गाणे लोकांच्या खिशातल्या मोबाइलवर आधीच वाजत असते. आणि नवा खेळ पोळ्यापर्यंत अर्धाच उभा राहिला, तर अर्धाच आपल्या गावच्या चावडीपुढे करून पाहा. एखाद्या चुणचुणीत पोराला कंदिलाजवळ वही देऊन बसवा, आणि कोणत्या प्रवेशाला किती जण उठून गेले, एवढे त्याला लिहून ठेवायला सांगा. दिवाळीच्या मंडईला अजून दोन महिने हाताशी असतील.