मूल आणि त्याचें घर

मुळशी तालुक्यांतील हिंजवडी हें गांव पूर्वी म्हातोबाच्या बगाडासाठीं पंचक्रोशींत प्रसिद्ध होतें. बगाड अजूनहि चैत्री पौर्णिमेस निघतें; परंतु आज गांवाचें नांव घेतलें कीं डोळ्यांपुढें संगणक-कंपन्यांच्या कांचेच्या इमारती उभ्या राहतात. त्या इमारती व भोंवतालचे निवासी मनोरे बांधणाऱ्या मजुरांच्या मुलांविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे. मराठवाड्यांतून, परप्रांतांतून आलेलीं हीं कुटुंबें बांधकामालगतच्या पत्र्याच्या खोल्यांतून राहतात. काम संपलें कीं बिऱ्हाड पुढें हलतें.

अशा बिऱ्हाडांतील एखादें मूल रस्त्यावर एकटें आढळलें, तर आपल्या मनांत पहिला विचार येतो तो अनाथाश्रमाचा. हा विचार दयेपोटीं येतो, यांत शंका नाहीं. परंतु पुष्कळ वेळां तें मूल अनाथ नसतेंच. त्याची आई चवथ्या मजल्यावर विटा वाहत असते. बाप आजारी तरी असतो, नाहीं तर दारूच्या आहारीं गेलेला असतो. आणि जिच्या भरंवशावर मूल टाकून कामास जावें, ती आजी शेंकडों कोस दूर गांवीं राहिलेली असते. मोडत असतें तें घर, आणि आपण उपाय करूं पाहतों तो एकट्या मुलावर!

मुंबईस १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याचें विद्यालय निघालें, आणि पुढच्याच वर्षीं त्यानें मुलांसाठीं मार्गदर्शन-चिकित्सालय उघडलें. मुलाच्या वागणुकीचें मूळ शोधावयाचें, तर मातापित्यांशींहि बोललें पाहिजे, ही त्या शास्त्राची रीत. पुढें १९५१ त जॉन बोल्बी या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें जागतिक आरोग्य संघटनेसाठीं अहवाल लिहिला; संस्थेंतील तान्ह्या मुलावर खर्च करणारीं सरकारें त्याच्या निम्मी रक्कम निराधार मातेच्या हातीं देतांना मात्र कचरतात, असें त्यानें त्यांत दाखवून दिलें.

आपला २०१५ चा बालन्याय कायदा याच मताचा आहे. मुलास संस्थेंत ठेवणें हा त्यानें अखेरचा उपाय मानिला आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेंत संकटांतील कुटुंबास मुलामागें दरमहा मदत मिळते व २०२३ सालीं ती २,२५० रुपये झाली. रक्कम लहान नाहीं. परंतु वर्षांतून दोनदां बिऱ्हाड बदलणाऱ्या बाईनें रहिवासाचा दाखला आणावयाचा कोठून?

शिवाय पैशानें सर्वच भागत नाहीं. नवऱ्याच्या व्यसनानें खचलेल्या, झोंप उडालेल्या स्त्रीला प्रथम हवें असतें तें आपलें म्हणणें ऐकून घेणारें माणूस. मग कागदपत्रें, मग दवाखाना. पुण्यांत १९८६ सालीं निघालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्रानें व्यसनी पुरुषाबरोबर त्याच्या पत्नीलाहि उपचारांत सामील करून घेतलें, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दर आठवड्यास खोलीवर येणारी एखादी प्रशिक्षित कार्यकर्ती मिळाली, तर कित्येक मुलें घरींच राहूं शकतील.

दुसरी निकड पाळणाघराची. दिल्लीस मीरा महादेवन यांनीं १९६९ सालीं बांधकामाच्या जागींच मुलांसाठीं पाळणाघर सुरू केलें, आणि तें काम पुढें पुण्यासहि आलें. १९९६ च्या कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथें सहा वर्षांखालील मुलांसाठीं खोली ठेवणें बंधनकारक केलें होतें. हजेरीपटावर पन्नासच नांवें असलीं कीं तें कलम मुकाट बसे, हा भाग वेगळा!

आपल्यापैकीं कित्येकजण त्या बाजूस घर घेण्याच्या विचारांत असतील. बांधकाम पाहावयास जाल तेव्हां वाहनतळाची चौकशी कराल, पाण्याची कराल. त्याच दमांत मजूर स्त्रियांचीं मुलें दिवसभर कोठें असतात, हेंहि विचारावें आणि ती खोली दाखवावयास सांगावें. एखादें मूल संकटांत दिसलें, तर १०९८ या क्रमांकावर दिवसा-रात्रीं केव्हांहि विनामूल्य दूरध्वनि करितां येतो. आणि करतांना त्याची आई कोठें कामास आहे, एवढें शक्य तर आधीं विचारून ठेवावें.