घंटा वेळेसाठी असते, मतासाठी नाही

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आम्ही तिघे सांभाळतो. त्या ग्रुपवर राजकारण असावे की नसावे, यावर बोलायला कार्यकारिणीने आम्हाला सांगितले आहे. विषय किरकोळ वाटेल. पण येत्या वार्षिक सभेपुढे एक सूचना आहे, की ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनने लिहावे आणि बाकीच्यांनी वाचावे. ती मंजूर झाली तर आरतीच्या वेळा कळतील, महाप्रसादाची वर्गणी कळेल, भांडण होणार नाही. पण हैदराबादेतल्या मराठी माणसांना आपापसांत मराठीत वाद घालायला जी थोडी जागा उरली आहे, त्यातली एक बंद होईल. म्हणून हात वर करण्यापूर्वी दोन्ही बाजू पाहू.

त्रास खरा आहे. आपण मतदान करतो तेलंगणात आणि हमरीतुमरीवर येतो महाराष्ट्राच्या राजकारणावरून. कुणीतरी कुठून तरी आलेला मजकूर पुढे ढकलतो. त्यावर उत्तर येते, उत्तरावर टोमणा येतो आणि मग जात, पक्ष, घराणे सगळे निघते. मध्येच कुणाच्या आईच्या निधनाची बातमी असते, ती पन्नास मेसेजांखाली गाडली जाते. भांडणारे दोघे-तिघे असतात. बाकीचे गप्प बसतात, आणि त्यांतले काही न बोलता ग्रुप सोडून जातात. त्यांत नव्याने आलेल्या सुना असतात, तरुण मुले असतात. मंडळाला पुढे चालवायचे ते हेच लोक.

मग 'राजकारण नको' असा नियम केला तर? सोपा वाटतो, पण राजकारण कशाला म्हणायचे? शाळेत मराठी विषय राहावा म्हणून अर्ज करायचा आहे, हे राजकारण का? गल्लीतल्या ड्रेनेजची तक्रार? मिरवणुकीच्या मार्गाविषयीचा सरकारी आदेश? प्रत्येक वेळी कुणीतरी ठरवणार, आणि ज्याचे मत ठरवणाऱ्याला पटते त्याचे ते 'समाजकार्य' होणार, पटत नाही त्याचे 'राजकारण'. शिवाय बंदी घातल्याने वाद संपत नाही. तो एकाच रंगाच्या छोट्या ग्रुपांत जातो. तिथे सगळे एकमेकांना माना डोलावतात आणि विरुद्ध बाजूचा शेजारी दिसेनासा होतो.

परवानगीने बोलणे म्हणजे काय, हे आपल्या शहराला नव्याने सांगायला नको. १९२९ साली निजाम सरकारने गश्ती निशाण ५३ काढले. त्यानंतर सभा घ्यायची तर सरकारची परवानगी आधी लागे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी त्या निशाणाच्या सावलीत सार्वजनिक काम केले.

स्वतंत्र भारतातही असा प्रसंग आला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६ अ नुसार, इंटरनेटवर आक्षेपार्ह लिहिल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर मत लिहिले होते, दुसरीने त्याला नुसती पसंती दिली होती. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले. त्या निकालात केलेला भेद आपल्या कामाचा आहे. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे. रोखायची ती तिसरी.

आता दुसरी बाजू. "आम्हाला भाषणस्वातंत्र्य आहे, तुम्ही मेसेज काढणारे कोण?" असे आम्हाला विचारले जाते. घटनेच्या १९व्या कलमाने दिलेला हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहे. मंडळाचा ग्रुप म्हणजे सरकार नव्हे, त्यामुळे मेसेज काढल्याने कुणाचा मूलभूत हक्क मोडत नाही. मात्र हा ग्रुप आमच्या तिघांच्या घरचाही नाही. तो वर्गणी भरणाऱ्या सगळ्या सभासदांचा आहे. मेसेज काढायचे बटण आमच्या हातात आहे, एवढ्याने ते दाबण्याचा अधिकार आम्हाला मिळत नाही. तो सभेने द्यायचा आहे, आणि कोणत्या अटींवर तेही सभेनेच सांगायचे आहे.

आणि काहीच काढायचे नाही, असेही म्हणता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. त्या अफवा पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांना आपण काही वाईट करतो आहोत असे वाटलेही नसेल. 'सावधगिरी म्हणून पाठवतो' एवढेच त्यांच्या मनात असेल.

काही जण कायद्याच्या भीतीने ग्रुप बंद करा म्हणतात. सभासदाने काही भलते टाकले तर अ‍ॅडमिन तुरुंगात जाईल, अशी धास्ती आहे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले, की अ‍ॅडमिनचा समान उद्देश किंवा संगनमत दिसत नसेल, तर केवळ अ‍ॅडमिन असल्यामुळे दुसऱ्याच्या मजकुराची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये तसाच निकाल दिला. तेव्हा निर्णय घ्यायचा तर तो भीतीपोटी नको.

मग अ‍ॅडमिनचे काम काय? ते आपल्या ओळखीचे आहे. गणेशोत्सवातल्या वादविवाद स्पर्धा आठवा. टेबलावर घंटा असते. अनुकूल बोलणाऱ्याची वेळ संपली की ती वाजते, प्रतिकूल बोलणाऱ्याची संपली तरी वाजते. विषय सोडून कुणी प्रतिस्पर्ध्याच्या घरावर घसरला तर अध्यक्ष थांबवतात. पण मुद्दा आवडला नाही म्हणून कुणी घंटा वाजवत नाही. वाजवली तर पुढच्या वर्षी त्या स्पर्धेत कोण नाव देईल?

तीव्र मतभेदाची आपल्याला सवय नाही असेही नाही. आगरकरांनी १८८७ साली 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. टिळक आणि ते यांच्यातला वाद मवाळ भाषेत झाला नाही. पण कोण बोलतो आहे आणि कशाविषयी, हे वाचकाला स्पष्ट असे. आजच्या फॉरवर्डला लेखकच नसतो. त्यामुळे त्याचा खुलासा मागायचा कुणाकडे?

म्हणून 'फक्त अ‍ॅडमिन' या सूचनेऐवजी आम्ही दुसरी सूचना मांडतो.

एक, ग्रुप दोन करावेत. एक सूचनांचा, तिथे आरती, कार्यक्रम, सुखदुःखाच्या बातम्या. दुसरा चर्चेचा, ज्याला हवे त्याने यावे.

दोन, चर्चेच्या ग्रुपवर राजकारण चालेल, फॉरवर्ड चालणार नाही. जे म्हणायचे ते स्वतःच्या शब्दांत. बातमी द्यायची तर कोणत्या वर्तमानपत्रातली, कोणत्या तारखेची, हे लिहावे.

तीन, नियम वागण्याचे असावेत, मताचे नसावेत. शिवी, जातीवरून किंवा धर्मावरून अपमान, कुणाच्या बायकामुलांवर घसरणे आणि चिथावणी एवढेच काढले जाईल. कसोटी अशी: मजकुरातले पक्षाचे नाव बदलून पाहायचे. तरीही तो काढला असता का? उत्तर 'नाही' असेल तर हात आवरायचा.

चार, काढल्यावर कारण सांगायचे. ज्याला ते मान्य नसेल त्याने कार्यकारिणीकडे जावे, आणि तिथे निर्णय होताना आम्ही तिघे बसणार नाही. अ‍ॅडमिन दरवर्षी बदलावेत आणि सगळे एका विचाराचे नसावेत.

याने भांडणे थांबणार नाहीत. आमचे काम वाढेल, आणि दोन्हीकडच्यांच्या शिव्या आम्हालाच खाव्या लागतील. तरी ते आम्हाला पत्करते. या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आपली मराठी टिकली ती नुसत्या आरत्यांवर टिकली नाही. घरात, ओसरीवर, मंडळात तिच्यात कडाडून वाद झाले म्हणूनही टिकली. मुलांना जी भाषा फक्त 'सर्वांना कळवण्यात येते की' एवढ्यापुरती कानावर पडेल, त्या भाषेत ती उद्या विचार करणार नाहीत.

सूचना वार्षिक सभेपुढे आहे. विरोधात बोलायचे असेल त्यांनी जरूर बोलावे. घंटा आमच्याकडे असली तरी ती वेळेसाठीच वाजेल.

गणपती बाप्पा मोरया!