बास्केटबॉल, शिष्यवृत्ती आणि नववीची मार्कशीट

(जिल्ह्यातील महिला संघटनांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

‘मुली आणि खेळ’ या विषयावर मी बोलावं, असं संयोजक मैत्रिणींनी सांगितलं. मी खेळाडू नाही. पी.टी.च्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गात बसून राहणाऱ्यांपैकी मी. पण गेली दहा वर्षं वस्तीत मुलींबरोबर काम करताना खेळ माझ्याकडे चालत आला. तो घेऊन आली एक मुलगी. तिचं नाव सांगणार नाही. तिच्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक मात्र सांगणार आहे, कारण आपल्यापैकी अनेकजणी नकळत तीच चूक करत असू, अशी मला शंका आहे.

आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी दहावीतच पाच फूट दहा इंच. नातेवाईक म्हणायचे, “एवढ्या उंच पोरीला नवरा कुठून आणायचा?” शाळेच्या बास्केटबॉलच्या सरांनी मात्र त्या उंचीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. दोन वर्षांत ती राज्याच्या संघात गेली. दहावीनंतर आई माझ्याकडे आली. “ताई, हिला कुठल्या साइडला घालू?” सकाळी सहा आणि संध्याकाळी पाचचा सराव सांभाळायचा, म्हणून मीच म्हटलं, “आर्ट्स घ्या, गणित सोडू द्या. तिला खेळायला वेळ मिळेल.” हीच ती चूक.

बारावीत असताना तिला कळलं, की अमेरिकेतली कॉलेजं चांगल्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात, परदेशी मुलींनासुद्धा. बंगळूरची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाकडून खेळली, हरसिमरन कौर सॅन दिएगो विद्यापीठात गेली, हे तिनं वाचलं होतं. ती म्हणाली, “ताई, मी का नाही?” मी माहिती काढायला बसले. ती माहिती आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. हे दार कुणी कृपेनं उघडलेलं नाही. १९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्या मूळ वाक्यात खेळ हा शब्दही नव्हता. पॅट्सी मिंक, एडिथ ग्रीन यांच्यासारख्या खासदार बायांनी तो पुढे रेटला. गंमत म्हणजे, तेव्हा कॉलेजातल्या मुलींचे खेळ चालवणारी बायकांची संघटनाच खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला तयार नव्हती. फ्लॉरिडातल्या टेनिस खेळणाऱ्या मुली आणि त्यांच्या शिक्षिका कोर्टात गेल्या, तेव्हा १९७३ मध्ये ती बंदी उठली. १९७१-७२ मध्ये तिथल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांपेक्षा कमी होत्या. आज त्या तीस लाखांच्या वर आहेत. आपल्या मुली ज्या शिष्यवृत्तीकडे बघतात, तिच्यामागे हे भांडण आहे.

आता व्यवहाराचं बोलू. तिथल्या कॉलेजांच्या खेळाचा मोठा कारभार एन.सी.ए.ए. या संस्थेकडे आहे. तिचे तीन विभाग आहेत. डिव्हिजन वनमध्ये मुलींचे साडेतीनशेहून जास्त बास्केटबॉल संघ आहेत आणि पूर्ण शिष्यवृत्ती बहुतेक तिथेच मिळते. म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं. डिव्हिजन टूमध्ये एका संघाला दहा पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम ठेवता येते, आणि ती बऱ्याचदा वाटून देतात. कुणाला अर्धी, कुणाला पाव. डिव्हिजन थ्री खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाही. हार्वर्ड, येल वगैरे नामांकित कॉलेजंही खेळासाठी देत नाहीत, घरची परिस्थिती पाहून मदत करतात. शिवाय एन.ए.आय.ए. नावाची वेगळी संघटना आहे आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं आहेत. अनेक परदेशी मुली आधी दोन वर्षं ज्युनियर कॉलेजात खेळतात आणि मग मोठ्या कॉलेजात जातात.

आणि आता माझ्या चुकीकडे येते. एन.सी.ए.ए.चं पात्रता केंद्र फक्त खेळ पाहत नाही. नववी ते बारावी या चार वर्षांतले भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र अशा मुख्य विषयांचे सोळा वार्षिक अभ्यासक्रम ते मोजतं. पी.टी., चित्रकला यात धरत नाहीत. डिव्हिजन वनसाठी त्यांच्या ४ पैकीच्या मोजमापात किमान २.३ सरासरी लागते, डिव्हिजन टूसाठी २.२. डिव्हिजन वनसाठी सोळापैकी दहा अभ्यासक्रम शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण लागतात. आणि डिव्हिजन वनला गणित तीन वर्षांचं लागतं.

आपल्या मुलीचं गणित झालं होतं दोन वर्षं. नववी आणि दहावी. तिसरं वर्ष माझ्या सल्ल्यानं गेलं. नंतर भरून काढायची वाट असते, पण ती फार अरुंद असते. कॉमर्सला गणित घेता आलं असतं. काही कॉलेजांत आर्ट्सलाही मिळतं. मी चौकशीच केली नाही. हुशार मुलाला आपण “खेळ सोड, अभ्यास कर” म्हणतो आणि खेळणाऱ्या मुलीला “अभ्यास झेपेल तेवढाच कर” म्हणतो. दोन्हीकडे आपण तिच्या वतीनं परस्पर निर्णय घेऊन मोकळ्या होतो.

ती डगमगली नाही. तिनं शाळेच्या जुन्या संगणकावर तिथल्या प्रशिक्षकांना पत्रं लिहिली. सोबत चार मिनिटांची निवडक खेळाची फिल्म आणि दोन अख्खे सामने, काटछाट न केलेले. कारण मुलगी चेंडू हातातून गेल्यावर मागे धावते का, हे प्रशिक्षकाला पूर्ण सामन्यातच दिसतं. पत्रात जर्सीचा नंबर, उंची, जन्मतारीख, गुण, सरांचा फोन. चाळीस पत्रांना पाच उत्तरं आली.

याच दिवसांत एक गृहस्थ घरी आले. चार लाख द्या, शिवाय शिष्यवृत्तीतला दहावा हिस्सा द्या, प्रवेश नक्की, असं म्हणाले. आईनं मंगळसूत्र मोडायची तयारी केली होती. बचत गटाकडे कर्जाचा अर्ज आला, म्हणून मला कळलं. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. माहिती देणारी, फिल्म पाठवणारी सेवा ठराविक फी घेऊ शकते. पण शिष्यवृत्तीच्या रकमेवर हिस्सा मागणाऱ्याशी करार केला, तर मुलीची पात्रताच धोक्यात येऊ शकते. आणि प्रवेशाची हमी तर कुणीच देऊ शकत नाही. शिष्यवृत्ती देतं कॉलेज, आणि ते लेखी देतं. आपण त्या गृहस्थांना चहा पाजून वाटेला लावलं.

शेवटी डिव्हिजन टूच्या एका कॉलेजनं तिला निम्मी शिष्यवृत्ती देऊ केली. आम्ही नाचलो. मग कळलं, की विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-ट्वेंटी हा कागद मिळवायचा, तर उरलेल्या निम्म्या खर्चाची सोय बँकेच्या कागदानं दाखवावी लागते. ती रक्कम तिच्या आईच्या दहा वर्षांच्या कमाईहून जास्त होती. ती गेली नाही.

आज ती बी.ए. करते, विद्यापीठाकडून खेळते आणि संध्याकाळी वस्तीतल्या बारा मुलींना शिकवते. तिला काय वाटतं ते मी एकदा विचारलं. म्हणाली, “ताई, मी हरले असते तर चाललं असतं. मला खेळायलाच मिळालं नाही.”

हे वाक्य घेऊन मी तुमच्याकडे आले आहे.

आमच्या संस्थेत आता आठवीनंतर खेळणाऱ्या प्रत्येक मुलीची एक फाइल असते. नववीपासूनची प्रत्येक मार्कशीट, जन्मदाखला, पासपोर्ट, स्पर्धांची प्रमाणपत्रं, बक्षिसाच्या पैशाची पावती. गणित सोडण्याआधी आई, मुलगी आणि आम्ही एकत्र बसतो. बारावीनंतर इथल्या कॉलेजात नाव घालताना किंवा वर्षभर नुसत्या स्पर्धा खेळताना विचार करतो, कारण त्यातून तिथली खेळायची वर्षं कमी होऊ शकतात. २०२३ पासून एन.सी.ए.ए.नं पात्रतेसाठी सॅट, ॲक्ट या परीक्षांची अट काढली आहे, पण एखादं कॉलेज त्या मागू शकतं, आणि इंग्रजीची परीक्षा तर बहुतेक मागतातच. म्हणून इंग्रजी बोलण्याचा तास आम्ही नववीपासून ठेवला आहे. नियम दरवर्षी बदलतात. २०२५ पासून अनेक मोठ्या कॉलेजांत शिष्यवृत्तीच्या संख्येऐवजी संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली, बास्केटबॉलला पंधरा. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका, त्या त्या वर्षीचे नियम पाहा.

आणि पत्र आलं, की हुरळून न जाता प्रश्न विचारा. शिष्यवृत्ती किती वर्षांची? दुखापत झाली तर काय? विमा कुणाचा? सुट्टीत कॉलेज बंद असताना राहायचं कुठे? विमानाचं भाडं कुणाचं? तिथे खेळाडू जाहिरातींतून पैसे कमावतात, पण विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीनं तशा कागदावर कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय सही करू नये. आणि प्रशिक्षकानं त्रास दिला तर जायचं कुठे, हेही आधी विचारा. टायटल नाइनखाली लैंगिक छळाची तक्रार घेणारी व्यक्ती कॉलेजला नेमावीच लागते. परदेशी मुलीलाही तो हक्क आहे. प्रश्न विचारले म्हणून शिष्यवृत्ती काढून घेणारं कॉलेज असेल, तर ते आपल्या मुलीसाठी नव्हेच.

सगळ्या मुली अमेरिकेला जाणार नाहीत. जावं असंही माझं म्हणणं नाही. इथेही मैदानं हवीत, नोकऱ्या हव्यात, मुलींसाठी मैदानावर दिवे आणि संडास हवेत. त्यासाठी आपण भांडतोच आहोत. पण एखादी मुलगी “मी का नाही?” म्हणाली, तर तिला कागद अपुरा म्हणून गप्प बसावं लागू नये.

तेव्हा उद्या आपापल्या वस्तीत गेलात, की मैदानावर जा. नववीतली एखादी पोर धावताना दिसली, तर तिला दोन गोष्टी विचारा. “आज किती बास्केट टाकल्यास?” आणि “गणिताचा पेपर कसा गेला?”