भाग ४७ : आतडं जोडणारं चुंबक

(या भागाचं लेखी रूप. अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच.)

आज कोड नाही, फोन नाही. आज आतडं. जेवत असाल तर पॉज करा, नंतर ऐका.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बाबांच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. गाठ असलेला तुकडा काढला आणि उरलेली दोन टोकं स्टेपलरने जोडली. सर्जनचा स्टेपलर असतो, टायटॅनियमच्या पिना मारतो. पाचव्या दिवशी बाबा उठून बसले, चहा मागितला. आई म्हणाली, उद्या-परवा घरी. सहाव्या दिवशी ताप आला आणि पोट दगडासारखं झालं. जोड गळत होता. परत ऑपरेशन, मग पोटावर पिशवी, तीन महिने. हॉस्पिटलचं नाव घेणार नाही, कारण चांगल्या हातांनी केलेला जोडही कधीकधी गळतो. पण माझ्या डोक्यातून एक प्रश्न जाईना. पाच दिवस टिकलेला जोड सहाव्या दिवशी का सुटतो?

उत्तर वाचलं तेव्हा चक्रावलो. आपल्याला वाटतं, जोड पहिल्या दिवशी कच्चा आणि मग रोज थोडा पक्का. तसं नसतं. आतड्याची ताकद असते तिच्या भिंतीतल्या कोलॅजनमध्ये. कापल्यावर पहिले तीन-चार दिवस शरीर कडेचं जुनं कोलॅजन मोडतं, साफसफाई करतं, आणि नवं बनवायला नंतर लागतं. म्हणजे मधे काही दिवस जोड फक्त टाक्यांवर किंवा पिनांवर लटकलेला असतो. त्यात कडेला रक्त कमी पोचलं, की नवं बांधकाम वेळेत उभं राहत नाही. आमच्या भाषेत, जुना सर्व्हर बंद केलाय आणि नवा अजून चालू झालेला नाही.

चुंबकाची आयडिया नेमकी इथे घुसते. एक चुंबक एका आतड्यात, दुसरं शेजारच्या आतड्यात. दोघं एकमेकांना ओढतात आणि मधे दोन्ही भिंती सापडतात. मधोमध दाब एवढा, की तिथलं रक्त बंद होतं आणि तो भाग हळूहळू मरतो. पण बाहेरच्या कडेला दाब कमी, रक्त चालू. तिथे दोन्ही आतड्यांची बाहेरची आवरणं एकमेकांना चिकटून बसलेली असतात आणि ती एकजीव होतात. काही दिवसांनी मधला मेलेला भाग सुटतो, चुंबकं आतड्यात पडतात आणि संडासवाटे बाहेर. मागे राहतं एक भोक, कडेने सांधलेलं. टाका नाही, पिन नाही. नवा सर्व्हर उभा राहिल्यावरच जुना बंद!

सगळी गंमत वेळेची आहे. चुंबक फार जोरदार असेल तर मधला भाग लवकर मरतो, कड जुळायच्या आतच भोक पडतं आणि पोटात गळती. फार कमजोर असेल तर भोकच पडत नाही. वर चुंबकाचा स्वभाव असा, की अंतर कमी झालं की ओढ एकदम वाढते. म्हणजे भिंत दबून पातळ होत जाते तसा दाब वाढत जातो. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात डॉ. मायकल हॅरिसन यांच्या टीमने कड्यांना असा बाक दिला, की आत दाब जास्त आणि बाहेर कमी. त्यांनी २०१७ मध्ये माणसांवरचे पहिले निकाल छापले. पाच पेशंट, लहान आतडं, एकही जोड गळला नाही. आता पाच म्हणजे किती? आपण पाच युजरवर टेस्ट करून रिलीज करत नाही. आणि बाबांचा जोड मोठ्या आतड्याचा होता. तेव्हा 'चुंबक असतं तर' हे वाक्य मी घरात बोलत नाही.

दाबून जोडणं तसं जुनंच. शिकागोच्या मर्फी नावाच्या सर्जनने १८९२ मध्ये धातूचं प्रेस-बटण काढलं होतं, तेही असंच बाहेर पडायचं. आणि आपल्या सुश्रुतसंहितेत तर फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून तिथे काळ्या मुंग्यांना चावायला लावायला सांगितलंय. मग धड तोडायचं, डोकी तिथेच ठेवायची. पिनाच त्या.

सगळं गोड नाही हां. काही बाळांची अन्ननलिका जन्मतःच मधे तुटलेली असते. त्यासाठीच्या चुंबकांना अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये मर्यादित परवानगी दिली. १६ बाळांची माहिती तपासली होती. सोळाही जणांची नळी ३ ते १० दिवसांत जुळली. पण १३ जणांची जोडाच्या जागी अरुंद झाली, पुढे उपचार लागले. जखम भरताना व्रण आकसतो. जुळणं वेगळं आणि त्यातून घास नीट खाली उतरणं वेगळं.

हे वाचत असताना मी हातात काय फिरवत होतो सांगू? चुंबकाचे छोटे चकचकीत गोळे. हिंजवडीत ज्यांनी काम केलंय त्यांच्या डेस्कवर असतीलच, बिल्ड होईपर्यंत चाळा. लहान पोराने असे दोन गोळे वेगवेगळ्या वेळी गिळले तर पोटात तेच होतं, फक्त जागा कुणी निवडलेली नसते आणि दाब कुणी मोजलेला नसतो. आतड्याची दोन वेटोळी चिकटतात, मधली भिंत मरते, भोक पडतं. सुरुवातीला नुसती उलटी आणि पोटदुखी, म्हणून घरचे समजतात की बाहेरचं खाल्लं असेल. अमेरिकेत या गोळ्यांवर २०१४ मध्ये नियम आला, २०१६ मध्ये कोर्टाने उडवला, २०२२ मध्ये नवा करावा लागला. कुणी गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी वाट बघू नका. थेट इमर्जन्सीत जा, 'चुंबक' हा शब्द पहिल्या वाक्यात सांगा आणि एक्स-रे काढायला सांगा.

माझ्या डब्यावर २१६ लिहिलंय. मोजले तर २१३ निघाले. आदल्याच रविवारी ताईची साडेतीन वर्षांची पोरगी आमच्याकडे खेळून गेली होती. मी ताईला फोन लावला आणि फोन कानाला धरूनच घर उलटंपालटं केलं. दोन गोळे खुर्चीच्या लोखंडी पायाला चिकटलेले सापडले. तिसरा सापडेना. ताई तिला घेऊन गेली, एक्स-रे काढला. पोट साफ होतं. तिसरा गोळा पंधरा दिवसांनी बाबांना मिळाला, फ्रिजच्या मागे. डबा मी ई-कचऱ्यात दिला, आणि तो एक गोळा बाबांनी स्वतः खाली नेऊन त्यात टाकला.

पुढच्या रविवारी भेटू.