राहण्याची सोय, जेवणाची सोय आणि तिसरी सोय



प्रवेशाचे दिवस आले की आजरा, चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी या तालुक्यांतले पालक मुलांना घेऊन कोल्हापुरात येतात. चौकशी दोनच गोष्टींची होते. कॉट बेसिसवर खोली कुठं मिळेल आणि मेस कुठली बरी?

या दोन प्रश्नांचं मोल कोल्हापूरला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. खेड्यातलं हुशार पोर शाळा सोडतं, ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर शहरात डोक्यावर छप्पर आणि पोटाला भाकरी नाही म्हणून, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखलं. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. पुढं जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगं निघाली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभं राहिलं. वसतिगृहांची जननी ही कोल्हापूरची ओळख इथूनच आली. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढं 'कमवा व शिका' योजनेनं गरिबाघरच्या मुलांना हात दिला.

बोर्डिंगात आणखी एक गोष्ट न मागता मिळायची, ती म्हणजे सोबत. पंगतीला रोज शेजारी बसणारा दोन वेळा दिसला नाही, तर कुणीतरी खोलीत डोकावून विचारायचंच, "काय रे, बरं नाही का?" आता डबा खोलीच्या दारात येतो, अभ्यासिकेत प्रत्येकाचा कप्पा वेगळा आणि कानांत इयरफोन. स्पर्धा परीक्षेचा आणखी एक अटेम्प्ट गेला, की गावाकडं काय तोंड दाखवायचं, हा घोर ज्याचा त्यानं एकट्यानं वाहायचा.

अशा एकट्या राहणाऱ्या मुलामुलींच्या तब्येतीकडं पाहू; आधी शरीराचं बोलू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५४ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. त्यात कॉलेजच्या वयाच्या मुलीही आल्या. जिना चढताना दम लागणं, दुपारी डोळ्यांवर झापड येणं, वाचलेलं डोक्यात न राहणं याला आपण सरसकट आळस म्हणतो. मुलीला बोल लावण्याआधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि परीक्षा जवळ आली म्हणून सकाळची न्याहारी किंवा रात्रीची सात तासांची झोप तोडू नका. पाठ केलेलं मेंदूत मुरतं ते झोपेतच.

आता मनाचं. कोल्हापूर हे तालमींचं गाव. कुस्तीत खांदा निखळला तर पैलवान तो लपवत नाही. वस्तादाला दाखवतो, बसवून घेतो आणि पुन्हा लाल मातीत उतरतो. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. मन दुखावलं तर मात्र आपण म्हणतो, "गडी असून रडतोस काय?" मानसिक आजारांपैकी बहुतेकांची सुरुवात पंचविशीच्या आत होते. म्हणजे नेमकी शिकण्याच्या वयात.

दोन आठवडे सलग झोप उडाली, भूक मेली, मित्र नकोसे झाले, आवडीच्या गोष्टीतही रस उरला नाही, तर समुपदेशकाकडं जावं. तिथं कुणी लगेच गोळ्या देत नाही की वेडा ठरवत नाही. समुपदेशक ऐकून घेतात, गुंता सोडवायला मदत करतात, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवतात. जिवाला धोका नसेल तोवर तिथलं बोलणं तिथंच राहतं. आणि "जगण्यात काही अर्थ नाही" असं कुणी म्हणालं, तर दोन आठवडे वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत मिळवा.

समुपदेशकाची ही सोय म्हणजे आता कुणाची मेहेरबानी नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले, की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. तेव्हा प्रवेश घेताना खोली आणि मेस यांच्या जोडीनं तिसरा प्रश्न विचारा: समुपदेशक कोण आहेत आणि ते कधी भेटतात? नेमलेलेच नसतील, तर कधी नेमणार, हेही विचारा. चार पालकांनी विचारलं, की कार्यालयाला उत्तर शोधावंच लागतं.

पेन हाताशी असेल तर एक क्रमांक लिहून घ्या. एक, चार, चार, एक, सहा. १४४१६. ही मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा. २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं. मेसच्या भिंतीवर जेवणाच्या वेळा लिहिलेल्या असतात, त्यांच्याच खाली हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहा. मेसचालकांना एवढी माझी विनंती.